खिडक्या ओढायच्या की मेनूतून हलवायच्या? ज्येष्ठांच्या क्लाससाठी सल्ला हवाय

माहीमची_मोगरा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माहीमला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी आम्ही दोघीजणी ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवतो. सहा मशिनी आहेत, सगळ्या कुणाकुणाच्या ऑफिसातून निघालेल्या, चारांवर विंडोज १० आणि दोनांवर ११. येणारे साधारण पासष्ट ते ऐंशीमधले. वीजबिल, बँकेचं खातं, नातवंडांचे फोटो, मराठी टायपिंग, एवढंच शिकवतो. टायपिंग जमतं, मेल जमतो, अडतं कुठे तर खिडक्यांवर. एक खिडकी उघडली की तिच्यावर दुसरी, मग पहिली कुठे गेली म्हणून शोधाशोध. ती बाजूला करायची तर टायटल बार, म्हणजे वरची नावाची पट्टी, धरून माउसचं बटण दाबून ठेवायचं आणि दाबलेलंच ठेवून ओढायचं, हे ज्यांचा हात थरथरतो त्यांना खरंच जमत नाही हो. मधेच बोट सुटतं, किंवा खिडकी वरच्या कडेला टेकते आणि अख्खा स्क्रीन भरून बसते.

बेस्टमधून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत, त्यांची खिडकी मागच्या शनिवारी ओढता ओढता इतकी उजवीकडे गेली की नुसती बोटभर पट्टी दिसत होती. ते माउसवरून हात काढून शांत बसले. मी ऑल्ट आणि स्पेस दाबलं, छोटा मेनू आला, मूव्हसाठी एम दाबलं, आणि डावा बाण दाबत राहिले. खिडकी हळूहळू आत आली. सगळे उठून मागे येऊन उभे राहिले. "हे आधी का नाही शिकवलंस?" असं एक आजी म्हणाल्या आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः हे दहा-बारा वर्षांपूर्वी शिकले, प्रोजेक्टर काढल्यावर एक खिडकी त्या नसलेल्या स्क्रीनवरच राहिली होती तेव्हा. आणीबाणीचा उपाय म्हणूनच डोक्यात ठेवलं होतं.

तर विचारायचं असं की मेनूचा रस्ता हाच पहिला रस्ता म्हणून शिकवावा का? आणि खिडक्यांसाठी असे अजून कुठे कुठे मेनू आहेत? एक पानाचा कागद करायचाय, मोठ्या अक्षरात.

बोरिवली_फास्ट

उपक्रम छान आहे, पण मेनू शिकवू नका असं मला प्रामाणिकपणे वाटतं. विंडोज की आणि डावा बाण, खिडकी डावीकडे अर्धी. उजवा बाण, उजवीकडे अर्धी. वरचा बाण, पूर्ण मोठी. २००९ पासून म्हणजे विंडोज ७ पासून आहे हे. दोन बोटांचं काम, तीन पायऱ्यांचा मेनू कशाला? ११ वर तर विंडोज की आणि झेड दाबलं की मांडणीचे चौकोनच समोर येतात, आकडा दाबून निवडायचं.

सायनची_सायली

वाचतेय. माझ्या आईला पण हाच त्रास.

गिरगावचा_अक्षरजुळारी

अहो मोगराताई, आमचं अख्खं आयुष्य विंडो मेनूवर गेलं. ९७ साली गिरगावात डीटीपीला, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायला, बसलो, चौदा इंची मॉनिटर, आठशे बाय सहाशे. लग्नपत्रिकांचा सीझन. कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी पाच पाच पत्रिका उघड्या, देशमुखांच्या, पाटलांच्या, आणि नाव चुकीच्या पत्रिकेत गेलं तर छापून झाल्यावर कळायचं. तेव्हा मालकांनी एकच सवय लावली, विंडो मेनू उघडायचा, खाली उघड्या फायलींची नावं एक दोन तीन करून असतात, जिच्यावर काम चाललंय तिच्यासमोर बरोबरची खूण असते, ती बघायची आणि मगच टाइप करायचं. त्या खुणेने किती पत्रिका वाचवल्या असतील देव जाणे.

आणि दुसरं त्याच मेनूतलं न्यू विंडो. लोकांना वाटतं नवीन फाइल उघडते. नाही. तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडते. मग टाइल व्हर्टिकली केलं की एका बाजूला अख्खी पत्रिका आणि दुसऱ्या बाजूला गणपतीची सोंड मोठी करून. इकडे रेघ हलवली की तिकडे हललेली दिसते. फोटोशॉपात विंडो मेनूत अरेंज म्हणून आहे, तिथेही टाइल, कॅस्केड सगळं आहे. २००८ ला फोटोशॉपच्या सीएस४ मध्ये टॅब आले तेव्हा नवीन पोरांना खिडक्या सुट्या करताच येईनात, त्याच अरेंजमध्ये फ्लोट ऑल आहे ते मी दाखवायचो.

बोरिवलीकर, तुमचं अर्धं डावं अर्धं उजवं ठीक आहे, पण पाच फायलींतली नेमकी तिसरी हवी असेल तर?

जुना_कोबोलवाला

मोगरा, तुम्ही ज्या मेनूबद्दल लिहिलंत तो विंडोजमधल्या सगळ्यात जुन्या गोष्टींपैकी एक आहे. विंडोज १.० नोव्हेंबर १९८५ ला आलं तेव्हाही खिडकीच्या कोपऱ्यात तो होता. त्यात साइझ, मूव्ह, आयकॉन, झूम, क्लोज असे शब्द होते. आयकॉन म्हणजे आजचं मिनिमाइझ आणि झूम म्हणजे मॅक्सिमाइझ. गंमत म्हणजे तेव्हा कामाच्या खिडक्या एकावर एक येतच नव्हत्या, फरशीसारख्या शेजारी शेजारी बसायच्या, त्या एकमेकींवर यायला १९८७ चं २.० यावं लागलं. म्हणजे तुमच्या क्लासची अडचण, की एक खिडकी दुसरीखाली गेली, ती दोन वर्षांनी जन्माला आली.

आता खरी सांगायची गोष्ट. विंडोज ३.१ ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल, डाव्या कोपऱ्यात राखाडी चौकोनात एक आडवी रेघ असायची. आम्ही वर्षानुवर्षं तिच्यावर क्लिक केलं आणि कधी विचार केला नाही की रेघच का. ती रेघ म्हणजे स्पेसबारचं चित्र! ऑल्ट-स्पेस दाबा, मी उघडेन. आणि आतल्या डॉक्युमेंटच्या खिडकीला जी आखूड रेघ होती ती म्हणजे हायफन, कारण तिचा मेनू ऑल्ट-हायफनने उघडायचा. शॉर्टकट डोळ्यासमोर काढून ठेवला होता. ९५ मध्ये त्या जागी प्रोग्रॅमचं चित्र आलं आणि रेघ गेली, सोबत तो इशाराही गेला. पण डबल क्लिक केलं की खिडकी बंद होते ती जुनी रीत ठेवली, आजही बऱ्याच साध्या खिडक्यांत चालते.

सायनची_सायली

रेघ म्हणजे स्पेसबार?? पंचवीस वर्षं झाली कॉम्प्युटर वापरून, हे आज कळलं. कोबोलवाले काका, दंडवत.

बोरिवली_फास्ट

काका माहिती भारी आहे, पण इतिहास वेगळा आणि क्लास वेगळा. अक्षरजुळारी, तिसरी फाइल हवी तर ऑल्ट-टॅब आहे ना.

माहीमची_मोगरा

बोरिवलीकर, विंडोज की आणि बाण मी आधी शिकवून पाहिलेत, रागावू नका, काय झालं ते सांगते. दोन अडचणी आल्या. एक म्हणजे खिडकी अर्धी केली की शेजारी उरलेल्या सगळ्या खिडक्यांची छोटी छोटी चित्रं येतात आणि "आता हे काय उघडलं?" म्हणून घाबरगुंडी. दुसरी म्हणजे पुढच्या शनिवारपर्यंत लक्षात राहत नाही. बाण कुठला, सोबत कुठली की. लक्षात नसलं तर कळफलकावर बघून काही समजत नाही, तो काहीच बोलत नाही. ऑल्ट-टॅबचं तर ऑल्ट सुटतंच. दाबून धरायचं आलं की हात आडवा येतो.

ऑल्ट-स्पेस उघडला की मात्र सहा शब्द समोर थांबून राहतात. वाचायला वेळ मिळतो.

कानाने_वाचणारा

मोगराताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. "थांबून राहतात."

मला दिसत नाही. जन्मापासून नाही, चोविसाव्या वर्षी गेली दृष्टी. मुलुंडहून रोज सीएसएमटीला जाऊन बँकेत काम करतो, कॉम्प्युटरवरच. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम, वापरतो, फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने सुरू केला. माझ्या टेबलावर माउस नाही. खिडकी माझ्यासाठी चौकोन नाहीच, ती एक नाव आहे. ऑल्ट-टॅब केलं की नाव ऐकू येतं, इन्सर्ट-टी दाबलं की मी आता कुठे आहे ते ऐकू येतं.

दृष्टी गेल्यानंतरचे पहिले काही महिने मला शॉर्टकटची लांबलचक यादी पाठ करायला दिली होती. रात्री झोपताना म्हणायचो, पाढे म्हणतात तसे. सकाळी अर्धे गायब. मग एका सरांनी सांगितलं की यादी बाजूला ठेव, तीन दरवाजे लक्षात ठेव. ऑल्ट दाबलं की प्रोग्रॅमचा मेनू. ऑल्ट-स्पेस म्हणजे खिडकीचा मेनू. आणि शिफ्ट-एफ१० म्हणजे राइट क्लिकचा मेनू. आत जा, खालचा बाण दाबत जा, तो स्वतःच सांगेल काय काय करता येतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे यंत्र माझ्याशी बोलतंय. शॉर्टकट आधी माहीत असावा लागतो, मेनूला तसं लागत नाही.

अजून एक, जे डोळसांच्या लक्षात येत नाही. मेनूतला बंद असलेला शब्दही माहिती देतो. तुमच्या आजोबांची खिडकी पूर्ण मोठी केलेली असेल तर मूव्ह फिकट दिसतं तुम्हाला, मला "अनअव्हेलेबल" ऐकू येतं. म्हणजे मला लगेच कळलं की खिडकी मॅक्सिमाइझ आहे, आधी आर दाबून रिस्टोअर करायला हवं. न बघता खिडकीची अवस्था कळली. कागदावर हे नक्की लिहा, फिकट शब्द म्हणजे बिघाड नाही, फिकट शब्द म्हणजे "आत्ता नाही".

गिरगावचा_अक्षरजुळारी

दादा, डोळ्यात पाणी आणलंत. फिकट म्हणजे आत्ता नाही, हे मोठ्या अक्षरात छापून देतो मी. मोगराताई, कागद माझ्याकडून. लॅमिनेशनसकट.

फोर्टची_वसुली

मी थोडं एक्सेलबद्दल लिहिते कारण मेनूतून खिडकी न सांभाळल्याने मी एकदा संध्याकाळचे तीन तास घालवलेत. तेव्हा एका दलालाच्या बॅक ऑफिसला होते. एक फाइल उघडली तर राखाडी, आत काहीच नाही. वर नाव दिसतंय, पण शीट नाही. सगळे म्हणाले फाइल करप्ट. बॅकअप शोधला, आयटीला बोलावलं, शेवटी एका ताईंनी व्ह्यूमध्ये जाऊन अनहाइड केलं आणि सगळा लेजर, म्हणजे खातेवही, जिथल्या तिथे! कुणीतरी हाइड दाबून तसंच सेव्ह केलं होतं. तेव्हापासून व्ह्यू टॅबमधला विंडोचा गट मला पाठ आहे. न्यू विंडो, अरेंज ऑल, हाइड, अनहाइड, आणि व्ह्यू साइड बाय साइड, ज्यात सिंक्रोनस स्क्रोलिंग चालू केलं की दोन्ही लेजर बरोबर खाली सरकतात. जुळवणी करणाऱ्याला याच्याइतकं सुख नाही.

एक मात्र आहे, २०१३ च्या आधी सगळ्या एक्सेल फायली एकाच मोठ्या खिडकीच्या पोटात असायच्या, २०१३ पासून प्रत्येकीला स्वतःची वेगळी खिडकी. तेव्हा आमच्याकडे दोन आठवडे नुसता गोंधळ होता, पण दोन मॉनिटर असले तर फार सोयीचं आहे.

बोरिवली_फास्ट

कानाने_वाचणारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी शॉर्टकट पटकन लक्षात ठेवतो म्हणून सगळेच ठेवतील असं धरून चाललो होतो. मत बदललं.

मग माझ्याकडून कागदासाठी दोन गोष्टी. टास्कबारवरच्या चित्रावर शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की तोच जुना मेनू येतो, रिस्टोअर, मूव्ह, साइझ. शिफ्ट धरायचं नसेल तर चित्रावर माउस नेऊन वर येणाऱ्या छोट्या चित्रावर साधं राइट क्लिक केलं तरी येतो. आणि तुमच्या विंडोज १० वाल्या मशिनींवर टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट क्लिक केलं की कॅस्केड विंडोज आणि शो विंडोज साइड बाय साइड आहे. पसारा झाला की कॅस्केड, सगळ्या खिडक्या पत्त्यांसारख्या, प्रत्येकीचं नाव दिसतं. ११ वर मात्र तो मेनू काढून टाकलाय, तेव्हा दोन मशिनींचा कागद वेगळा करा.

पेंग्विन_ठाणे

त्या जुन्या मशिनींवर लिनक्स टाका हो, नाहीतरी विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्येही ऑल्ट-स्पेसच आहे, आणि मेनू जास्त भरलेला, खिडकी कायम सगळ्यांच्या वर ठेवणारं ऑल्वेज ऑन टॉप आहे, खिडकी दुसऱ्या वर्कस्पेसवर पाठवायचं आहे. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ऑल्ट-एफ३. विंडोजच्या त्या मेनूत ऑल्वेज ऑन टॉप आजही नाही, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे जादा सॉफ्टवेअर टाकावं लागतं, आणि ज्यांनी पॉवरटॉइज टाकलंय त्यांनी बघा, त्यातला रन ऑल्ट-स्पेसच पळवतो. मग मेनू येत नाही आणि शोधायची पट्टी येते. सेटिंगमधून बदलता येतं.

वांद्रे_पूर्व

मॅकवाल्यांची हजेरी लावते. आमच्याकडे मेनू बार स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटलेला असतो, माउस वर ढकलला की कडेला अडतो, निसटत नाही, हात थरथरणाऱ्यांना हे फार बरं पडतं. माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे, त्यांना हेच जमलं. त्यात विंडो नावाचा मेनू जवळपास प्रत्येक अॅपमध्ये, आणि मॅकच्या २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून त्यात मूव्ह अँड रिसाइझ आलंय, लेफ्ट, राइट, टॉप, बॉटम, नुसते शब्द निवडायचे. ओढायचं नावच नाही.

सायनची_सायली

ओढायचंच असेल तर विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमध्ये क्लिकलॉक आहे, बटण क्षणभर दाबलं की दाबलेलंच राहतं, मग नुसता माउस हलवायचा. आईसाठी चालू केलं. तिला जमलं, बाबांना नाही जमलं, कारण चालू आहे हे विसरून ते भलतंच काहीतरी उचलून नेतात.

जुना_कोबोलवाला

कागदावर मराठी शब्द काय लिहिणार आहात? मिनिमाइझला लोक "लहान करा" लिहितात आणि तिथेच फसतं, खिडकी लहान होत नाही, नजरेआड जाते.

फोर्टची_वसुली

"झाकून ठेवा"?

पेंग्विन_ठाणे

झाकलं म्हणजे हाइड वाटेल. "खाली ठेवा" बरं.

माहीमची_मोगरा

हा प्रश्न मी आज क्लासमध्येच विचारला! एका आजींनी सांगितलं, जेवण झालं की पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवतो ना, तसं. पाट टाकून दिला नाही, पुढच्या पंगतीला तोच. सगळ्यांना ते इतकं पटलं की आता आमच्याकडे मिनिमाइझ म्हणजे "भिंतीला टेकवा". क्लोज म्हणजे "बंद". रिस्टोअर म्हणजे "होती तशी". मूव्ह म्हणजे "सरकवा". साइझला "आकार", मॅक्सिमाइझला "पूर्ण मोठी". वर कोपऱ्यात कोबोलवाल्या काकांची रेघ काढली आहे, लांब, स्पेसबारसारखी, आणि तिच्याखाली "आधी ऑल्ट, मग ही". दाबून धरायची भीती होती, पण ऑल्टवर डावा अंगठा टेकवून उजव्या हाताने स्पेस, हे जमतंय, कारण तिथे काही ओढायचं नाही, लगेच सोडायचं आहे.

आजोबांचं सांगते. त्यांनी स्वतःहून खिडकी बाहेर घालवली, मुद्दाम, आणि मग ऑल्ट-स्पेस, एम, डावा बाण, डावा बाण, एंटर. मग परत बाहेर घालवली. असं चार वेळा. पाचव्यांदा मूव्ह फिकट निघालं तेव्हा मी पुढे व्हायच्या आत त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, आत्ता नाही, आधी होती तशी. आर दाबलं.

एक अडचण उरली. एका मशिनवर ब्राउझर सोडून दुसरं एक अॅप आहे, त्याचा टायटल बार वेगळाच आहे, कोपऱ्यात चित्र नाही आणि ऑल्ट-स्पेसला मेनूही येत नाही. त्याचं काय करू?

कानाने_वाचणारा

काही अॅप आपली चौकट स्वतः रंगवतात, तिथे असं होतं. मग टास्कबारवरून जा, बोरिवलीकरांनी सांगितलेला रस्ता. तिथूनही नाही आलं तर माझ्यासारख्याला ते अॅप जवळजवळ वापरताच येत नाही, आणि मी दर वेळी त्या कंपनीला फीडबॅकमध्ये तसं लिहितो. तुम्हीही लिहा, ज्येष्ठांच्या नावाने लिहा.

आणि एक विचारायचं होतं. तुमच्या क्लासला एखाद्या शनिवारी आलो तर चालेल का? डोळ्यांचा त्रास असलेले कुणी असतील तर त्यांना एनव्हीडीए बसवून दाखवेन.

माहीमची_मोगरा

चालेल म्हणजे काय, याच! दोघा जणांना मोतीबिंदूनंतर नीट दिसत नाही, त्यांना आजच सांगते. मुलुंडहून दादरला उतरा, तिथून वेस्टर्नची स्लो माहीमला. किंवा असं करा, दादरला पुलावर मीच येते, अडीचला. पांढरी छत्री, पण तुम्हाला छत्रीचा काय उपयोग, फोन करते उतरल्या उतरल्या.

गिरगावचा_अक्षरजुळारी

अडीचला मी पण दादरलाच. कागद वीस प्रती झाल्यात, ११ वाल्यांचा वेगळा.